एका पेटीत एकच हवामान

माझ्याकडे पेटी करून घ्यायला येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा बहुतेक वेळा हा: "यात दोन वेगवेगळे बसतील ना?" दोन वेगवेगळे म्हणजे एक बिअर्डेड ड्रॅगन आणि एक लेपर्ड गेको, किंवा इग्वानाचं पिल्लू आणि त्याच्या सोबतीला काहीतरी छोटं, रंगीत. मी ठाण्यात राहतो. पाळीव सरड्या-पालींसाठी काचेच्या आणि प्लायच्या पेट्या बनवतो आणि मालक गावाला गेले की त्यांची जनावरं सांभाळतो. या दोन्ही कामांत बरीच वर्षं गेली. त्या प्रश्नाचं उत्तर मला पुस्तकातून कमी आणि सांभाळायला आलेल्या जनावरांकडून जास्त मिळालं.

प्रश्न वेडगळ नाही, हे आधी सांगतो. माझा मूळ धंदा फिश टँकचा. काच कापायची, कडा घासायच्या, सिलिकॉन भरायचं, दोन दिवस पाणी भरून गळती बघायची. माझ्या ओळखीचे बरेच दुकानदारही आधी मासेच विकत होते. सरडे त्यांच्याकडे नंतर आले. त्यामुळे गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघांच्याही डोक्यात 'कम्युनिटी टँक' पक्का बसलेला असतो. वरच्या थरात गप्पी, मधे टेट्रा, तळाशी कॅटफिश. सगळे एका पाण्यात सुखाने राहतात. मग चार फुटी पेटीत एकटा सरडा कोपऱ्यात बसलेला दिसला की पैसे वाया गेल्यासारखं वाटतं. बाकीची साडेतीन फूट जागा त्यांना रिकामी दिसते.

ती रिकामी नसते, हे समजायला मला स्वतःला या कामात पडावं लागलं. माशांच्या टाकीत पाणी सगळीकडे सारखंच असतं. हीटर पंचवीस-सव्वीस अंशांवर लावला की वरचा मासा आणि तळाचा मासा एकाच तापमानात असतात, आणि तसंच पाणी चालणारे मासे निवडले की निम्मं काम झालं. सरड्याच्या पेटीत मात्र मी मुद्दाम असमानता तयार करतो. एका टोकाला दिवा, त्याखाली तापलेला दगड. दुसऱ्या टोकाला सावली. सरड्याचं रक्त आतून तापत नाही. अन्न पचवायचं, आजाराशी झगडायचं, पळायचं तर त्याला बाहेरून ऊन घ्यावं लागतं आणि पुरे झालं की सावलीत जावं लागतं. दिवसभर तो या टोकाकडून त्या टोकाकडे सरकत असतो. ती साडेतीन फूट म्हणजे त्याचा अख्खा दिवस असतो.

शिवाय प्रत्येकाचा आकडा वेगळा. बिअर्डेड ड्रॅगन मध्य ऑस्ट्रेलियातला, कोरड्या रखरखीत मुलखातला. त्याला दिव्याखाली चाळीस अंशांच्या आसपास ऊन लागतं, हवा कोरडी लागते आणि अतिनील प्रकाश भरपूर लागतो. क्रेस्टेड गेको न्यू कॅलेडोनिया बेटांवरचा. ही पाल नामशेष झाली असं समजलं जात होतं. १९९४ मध्ये ती पुन्हा सापडली आणि आज जगभर पाळली जाते. तिला बावीस ते सव्वीस अंश आणि ओलावा लागतो. पारा अठ्ठावीसच्या वर राहिला की ती कासावीस होते. लेपर्ड गेको अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि वायव्य भारतातला. तो तिन्हीसांजेनंतर बाहेर पडतो, पोटाखाली ऊब मागतो आणि भगभगीत उजेड टाळतो. दुकानात ही तिन्ही जनावरं शेजारशेजारच्या खोक्यांत मांडलेली असतात म्हणून ती एका गावची वाटतात, एवढंच.

खारघरच्या एका तरुणाने मला फार सुंदर चित्र काढून आणून दिलं होतं. सहा फुटी पेटी. डावीकडे वाळवंट, उजवीकडे जंगल, मधे अर्ध्या उंचीची काच, म्हणजे बघणाऱ्याला सगळं एकच दृश्य वाटेल. डावीकडे बिअर्डेड ड्रॅगन, उजवीकडे क्रेस्टेड गेको. पैसे चांगले देत होता. मी म्हटलं, पेटी करतो, पण जनावर घालायच्या आधी माझ्या कारखान्यात नुसती चालवून बघू. दोन्ही बाजूंना थर्मामीटर आणि हायग्रोमीटर ठेवले, दिवे लावले, उजवीकडच्या झाडांवर पाणी फवारलं. जुलै महिना होता. डावीकडचा दगड चाळीसला पोचेपर्यंत उजवीकडची हवा तीसला टेकली होती. उजवीकडे फवारलेलं पाणी डावीकडच्या हायग्रोमीटरवरही दिसायला लागलं. संध्याकाळी तो आला, आकडे पाहिले, पुन्हा पाहिले. "मधली काच वरपर्यंत नेली तर?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "मग त्या दोन पेट्याच झाल्या ना!" तो हसला, आणि शेवटी त्याने एकट्या ड्रॅगनसाठी चार फुटी पेटी नेली.

हवामानाचा मुद्दा लोकांना पटतो, कारण तो यंत्रावर दिसतो. अवघड जातं ते वागणुकीचं. "पण आमचे दोघं भांडत नाहीत हो," हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता समोरचा माणूस ते कोणत्या क्षणी म्हणणार हेही कळतं. भांडण म्हणजे चावाचावी, रक्त, तुटलेली शेपटी, असं आपण धरून चालतो. पेटीतलं खरं भांडण बहुतेक वेळा आवाजाशिवाय चालतं. एक जनावर चांगली जागा धरतं, दुसरं ती सोडून देतं. झालं.

हे मला नीट दिसलं ते गणपतीत. कोकणात जाणारी कुटुंबं त्या दिवसांत आपली जनावरं माझ्याकडे ठेवतात. डोंबिवलीच्या एका कुटुंबाने कुडाळला जाताना बिअर्डेड ड्रॅगन आणि लेपर्ड गेको आणून दिले. वर्षभर एकत्र राहिलेले. वहिनींनी सगळं लिहून दिलं होतं. त्यात गेकोपुढे लिहिलं होतं, 'खाण्याची नाटकं आहेत, जबरदस्ती करू नका.' त्यांची मोठी पेटी माझ्या जिन्यातून वर चढेना, म्हणून मी दोघांना दोन वेगळ्या पेट्यांत ठेवलं. दुसरं काहीही वेगळं केलं नाही. तोच भुसा, तीच झुरळं, तीच कॅल्शियमची पूड. पहिले दोन दिवस गेको लपणीतून बाहेर आला नाही. तिसऱ्या रात्री आला, समोरचं झुरळ उचललं, आणखी एक उचललं. त्यानंतर रोज संध्याकाळी तो दाराशी येऊन बसायला लागला. ड्रॅगनच्या वागण्यात मात्र काही फरक पडला नव्हता.

मी सवयीने जनावर घेताना आणि देताना वजन करतो; स्वयंपाकघरात मिळतो तो छोटा काटा त्याला पुरतो. लेपर्ड गेको चरबी शेपटीत साठवतो. मानेइतकी जाड शेपटी असेल तर तब्येत ठीक, हा सोपा हिशेब. या गेकोची शेपटी आली तेव्हा पेन्सिलीसारखी होती. कुटुंब परतलं तेव्हा ती भरायला लागलेली दिसत होती आणि काट्यावरचा आकडाही वर गेला होता. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे घरी त्याला खायलाच मिळत नव्हतं का?" खायला मिळत होतं. वाटीत किडे होते, पेटीत लपणी होती. पण त्या लपणीच्या छपरावर दिवसभर अर्ध्या किलोचं जनावर ऊन खात बसलेलं असे, आणि वरून त्याची नखं वाजत असत. शिवाय हा गेको पांढुरका, अल्बिनो प्रकारचा होता. या प्रकारच्या गेकोच्या डोळ्यांना उजेड सोसत नाही. ड्रॅगनला आवश्यक असलेली अतिनील प्रकाशाची जोरदार ट्यूब त्याच्यासाठी शिक्षाच होती.

या जोडीबद्दल एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: "एक दिवसाचा, एक रात्रीचा, भेटणारच नाहीत." ऐकायला अगदी बरोबर वाटतो. पण दिवसाचा प्राणी रात्री पेटीबाहेर राहायला जात नाही, तो तिथेच झोपतो. त्याच्या झोपेत दुसरा त्याच्या अंगावरून जातो. दुसऱ्याच्या झोपेत हा लपणी उकरतो. पाळ्या वेगळ्या असल्या तरी दोघांनाही पूर्ण विसावा असा मिळतच नाही. आणि तोंडात मावेल ते खाऊन बघायचं, हा बिअर्डेड ड्रॅगनचा स्वभाव आहे. पिल्लू गेको त्याच्या तोंडात मावतो.

त्या गणपतीनंतर मी नियम केला की सांभाळायला येणारं प्रत्येक जनावर एकेकटं राहील. मालक कितीही म्हणोत की वेगळं केलं तर ते उदास होतं. पुढच्या वर्षांत जी चित्रं दिसली, ती बहुतेक एकाच साच्यातली. जोडीतलं एक जनावर वेगळं झाल्यावर आहे तसंच राहतं. दुसरं बदलतं. ते जास्त खातं, रंगाने उजळतं, पेटीच्या मध्यावर येऊन बसायला लागतं. सगळ्या जोड्यांत असं झालं असं म्हणणार नाही. काही जोड्यांत दोघांच्याही वजनात काही फरक पडला नाही. पण वेगळं केल्यामुळे खालावलेलं जनावर मी अजून पाहिलेलं नाही. सरड्याला सोबत लागते, हे आपल्या एकटेपणाच्या भीतीतून आलेलं आहे, असं माझं मत झालंय.

पुण्याचे एक निवृत्त काका मला नियमाने फोटो पाठवत. त्यांच्याकडे बिअर्डेड ड्रॅगन आणि इग्वानाचं पिल्लू एकत्र होते. फोटोत ड्रॅगन इग्वानाच्या पाठीवर चढून डोळे मिटून बसलेला, खाली लिहिलेलं: 'बघा यांचं प्रेम.' असे फोटो अनेकांकडे असतात. दिव्याखालची जागा एक आणि उन्हाला येणारे दोन असले की एकावर एक चढणं होतंच. वरचा ऊन अडवतो. खालच्याला दिव्याचा उजेड मिळत नाही, ऊबही अर्धवट मिळते. चाळीत पूर्वी सकाळी एकच नळ असायचा. ज्याची बादली दांडगी त्याला पाणी, बाकीचे गुपचूप मागे, आणि लांबून बघणाऱ्याला वाटे किती शिस्तीची रांग आहे. पेटीतला दिवा तसाच. मी काकांना म्हटलं, "काका, पुढच्या वेळी फोटोबरोबर खालच्याचं वजनही पाठवा." त्यांनी खरंच पाठवायला सुरुवात केली. महिन्याभरात इग्वानाचं वजन जागचं हललं नाही. वाढत्या वयाच्या पिल्लासाठी तेही लक्षण वाईटच. काकांनी स्वतःहून दुसरी पेटी मागवली.

त्या जोडीत आणखी एक गोष्ट होती, ती वाटीतली. इग्वाना पक्का शाकाहारी. त्याचं पोट पाल्यावर चालतं. किड्यांचं प्रथिन त्याच्या मूत्रपिंडांना दीर्घकाळात महागात पडतं. ड्रॅगन पालाही खातो आणि किडेही. एका पेटीत दोघांना आपापलं जेवण द्यायचं म्हणजे माणसाने समोर बसून पहारा करायला हवा. आणि विकत घेताना तळहातावर मावणारा तो हिरवा इग्वाना दीड मीटरच्या पुढे जातो. आज सोबती म्हणून घातलेलं जनावर दोन-तीन वर्षांत पेटीचा मालक होतं, मग पेटीही पुरत नाही, मग मला फोन येतो की 'तुमच्याकडे कोणी घेणारं आहे का?' असे फोन मला सर्वांत नकोसे वाटतात.

एकमेकांची भाषा न कळणं हा आणखी एक भाग. एकाच जातीचे दोन ड्रॅगन समोर आले तर एक डोकं झटकतो, दाढी काळी करतो. दुसरा पुढचा एक पाय उचलून गोल फिरवतो, म्हणजे 'मी मागे सरतो'. तिथेच प्रकरण मिटतं. गेकोला ही खूण येत नाही. तो शेपटी हळू हलवून इशारा देतो, आणि ड्रॅगनला ती वळवळणारी अळी वाटू शकते. सरड्यांतला सरडा म्हणावा तो कॅमेलियन तर काहीच करत नाही. गडद पडतो, डोळे मिटतो, खाणं सोडतो. दुसरं जनावर नुसतं नजरेला पडत राहिलं तरी त्याला ते सोसत नाही. माझ्याकडे कॅमेलियन आला तर मी त्याच्या पेटीच्या बाजूंना कागद लावतो.

आजाराचा धडा मला एका डॉक्टरीणबाईंनी दिला. त्या पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करतात आणि बोलायला फटकळ आहेत. मी त्यांना विचारलं होतं की दोन्ही वाळवंटातलेच, दोघांनाही कडक ऊन लागतं, अशी जोडी घेतली तर? म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन आणि आफ्रिका-अरबस्तानाकडचा काटेरी शेपटीचा युरोमॅस्टिक्स. हवामानाची अडचण तिथे बरीच कमी होते. त्या म्हणाल्या, "हवामान जुळेल, जंतू जुळणार नाहीत." डेव्रिसिया अगामारम नावाचा एक जीवाणू आहे, २००८ मध्ये बेल्जियमच्या संशोधकांनी त्याचं वर्णन केलं. तो बिअर्डेड ड्रॅगनच्या तोंडात सहज राहतो आणि ड्रॅगनला बहुधा काही होत नाही. तोच युरोमॅस्टिक्सच्या कातडीत शिरला की चट्टे पडतात, खपल्या धरतात, आणि तो रक्तात भिनला तर जनावर जातं. एकाचा निरुपद्रवी पाहुणा दुसऱ्याचा जीव घेतो, कारण ही दोन जनावरं निसर्गात कधी समोरासमोर आलेलीच नाहीत. एक ऑस्ट्रेलियात, दुसरं वेगळ्या खंडात.

लेपर्ड गेकोचं उदाहरण त्यांनी त्याहून कडक शब्दांत दिलं. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा परजीवी त्याच्या आतड्यात वाढला की शेपटीची काडी होते, आणि त्याला खात्रीचं औषध नाही. त्याच्या बीजपेशी नेहमीच्या ब्लीचने मरत नाहीत. विष्ठा मातीत मिसळते, पाण्याच्या वाटीत जाते, आणि एका पेटीत राहणाऱ्या सगळ्यांच्या पोटात पोचते. त्यांचा नियम असा: नवीन जनावर घरात आलं की निदान दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत, टिश्यू पेपर अंथरलेल्या साध्या पेटीत ठेवायचं, विष्ठेची तपासणी करून घ्यायची, आणि हात लावायचा तर जुन्या जनावराचं सगळं आटोपल्यावर. सांभाळण्याच्या कामात मी तो नियम जमेल तितका पाळतो. प्रत्येक पेटीचा चिमटा वेगळा, वाटी वेगळी. आणि साबणाने हात धुणं स्वतःसाठीही, कारण साल्मोनेला हे सगळेच बाळगू शकतात. घरात लहान मूल असेल तर हे मी पेटी पोचवतानाच सांगतो.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण 'कधीच जमत नाही' असं म्हणणं खोटं होईल. झुरिचच्या प्राणिसंग्रहालयात मासोआला नावाचं मादागास्करचं जंगल उभं केलेलं आहे. २००३ साली उघडलेलं हे दालन सुमारे अकरा हजार चौरस मीटरचं आहे, आणि त्यात पँथर कॅमेलियन, गेको, पक्षी, वटवाघळं मोकळे फिरतात. पण सगळे मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवरचे. तिथे एकाला दुसरा नको असेल तर तो शंभर फूट लांब जाऊ शकतो. शिवाय प्राणिसंग्रहालयाकडे डॉक्टर असतात, बाजूला काढून ठेवायला मागच्या खोल्या असतात. निसर्गातही कॅरिबियन बेटांवर अ‍ॅनोल नावाचे सरडे एकाच झाडावर आणि त्याच्या आसपास चार-चार जातींचे राहतात: एक बुंध्याच्या तळाशी, एक शेंड्यात, एक बारीक फांद्यांवर, एक खालच्या गवतात. बुंध्यावरून जमिनीवर झेपावणाऱ्याचे पाय लांब, काटकीवर चालणाऱ्याचे आखूड. ही वाटणी व्हायला लाखो वर्षं गेली. ती चार फुटांत रविवारच्या एका दुपारी होत नाही.

माझ्या गिऱ्हाइकांतही एक जण असा आहे ज्याचं जमलंय. त्याने नाशिकजवळच्या घरात एक अख्खी खोली त्यासाठी दिली आहे; ऊन खायच्या जागा जनावरांच्या संख्येपेक्षा जास्त, खाण्याच्या जागा त्याहून जास्त, आणि दोन्ही जाती एकाच प्रदेशातल्या. तो रोज टिपण ठेवतो. आणि एवढं करून त्याने माझ्याकडून प्रत्येक जनावरासाठी एकेक सुटी पेटी करून घेतली आहे, भिंतीला लावून तयार. ज्याच्याकडे वेगळं करायची सोय आहे त्यानेच एकत्र ठेवायचा विचार करावा, हे मी त्याच्याकडून शिकलो.

आपल्याकडच्या एका अभ्यासाने माझं म्हणणं मला जास्त नीट समजलं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीचं पठार आहे, पवनचक्क्यांचं. तिथे उन्हाळ्यात निळ्या-केशरी गळ्याचे सरडे दगडांवर उभे राहून गळा फुलवतात. पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले, असं संशोधकांना आढळलं. २०१८ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथल्या सरड्यांच्या रक्तात ताणाची संप्रेरकं कमी होती, माणूस जवळ गेला तरी ते उशिरा पळत. भीती गेली होती. तरीही अंगाने ते बारीक होते, कारण तेवढ्याच जागेत खाणारी तोंडं वाढली होती. उघड्या पठारावर, एकाच जातीत हे होतं. म्हणून 'आमचे घाबरत नाहीत' असं कोणी म्हणालं की मी आता विचारतो, वजन किती?

धंद्याचंही बोलतो. 'नाही' म्हटल्याने गिऱ्हाइकं गेली. काहींनी दुसरीकडून मोठी पेटी करून घेतली आणि हवं ते घातलं. सुरुवातीला मी लांबलचक समजावत असे. समोरच्याला तो उपदेश वाटे. मग लक्षात आलं, की त्याला मुळात हवंय ते घराच्या दर्शनी भागातलं एक देखणं फर्निचर आणि त्यात दोन प्रकारचे प्राणी. ते देता येतं. तेव्हापासून मी दुमजली पेटी करायला लागलो. बाहेरून एकच कपाट, एकच लाकूड, एकसारखी सरकती काच. आतून दोन स्वतंत्र कप्पे, मधे जाड प्लाय आणि थर्माकोलचा थर, हवेची भोकं वेगळी, थर्मोस्टॅट वेगळे. ऊब वर चढते, म्हणून कडक उन्हाचा ड्रॅगन वरच्या मजल्यावर आणि थंडाव्याचा क्रेस्टेड गेको खालच्या. जागा तेवढीच, वायरिंग थोडं जास्त. घरी आलेल्या पाहुण्यांना दोन्ही प्राणी एका नजरेत दिसतात, आणि प्राण्यांना एकमेकांचा पत्ताही नसतो. आता माझी निम्मी कामं याच पेटीची असतात.

फक्त नागपूर-अकोल्याकडून क्रेस्टेड गेकोसाठी फोन आला तर मी आधी विचारतो की उन्हाळ्यात एसी चोवीस तास चालणार का. आणि मुंबईत पावसाळ्यात ड्रॅगनची हवा कोरडी ठेवणं हेच इतकं काम आहे की त्याच पेटीत ओलावा मागणारं दुसरं जनावर घालायचा विचारही कोणी करू नये. ड्रॅगन सततच्या दमट हवेत राहिला तर छातीने आजारी पडतो.

कोणी रानातला सरडा पकडून आणतं आणि म्हणतं, हाही यातच घालू. ते काम मी करत नाही. रानातल्या जनावराच्या पोटात काय जंत आहेत ठाऊक नसतं, आणि घोरपडीसारखा प्राणी तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची एकमध्ये आहे. त्याला पकडणंही गुन्हा. परदेशी जनावरांचीही कागदपत्रं लागतात. त्याच कायद्याची २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, आणि २०२४ च्या नियमांनुसार अनुसूची चारमधल्या प्राण्यांची परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी करावी लागते. इग्वाना त्यात येतो. पिल्लं झाली, जनावर मेलं, दुसऱ्याला दिलं, तरी कळवावं लागतं. एकत्र ठेवून एकाने दुसऱ्याला खाल्लं तर तीही नोंद तुम्हालाच करायची आहे.

तेव्हा दुसरं जनावर घ्यायची इच्छा झाली तर एक कागद घ्या. त्यावर दोघांचं उन्हाचं तापमान, सावलीचं तापमान, हवेतला ओलावा, खाणं, झोपेची वेळ आणि पूर्ण वाढ झाल्यावरची लांबी शेजारी शेजारी लिहा. एक जरी ओळ जुळली नाही तर दुसऱ्या पेटीचे पैसे बाजूला ठेवा. सगळ्या जुळल्या तरीही ठेवा, कारण जंतू आणि स्वभाव कागदावर येत नाहीत. आज एकत्र ठेवलेले असतील तर दोन आठवडे वेगळे करून बघा आणि आधी-नंतरचं वजन लिहा. साध्या प्लास्टिकच्या डब्याला भोकं पाडून, ऊब आणि लपणी देऊनही हे करता येतं. आणि दुसऱ्या पेटीला घरात जागाच नसेल, तर दुसरं जनावर आणू नका. जे आहे त्याला पूर्ण पेटी मिळू द्या.